फोटो म्युनिकचे, काम मात्र उलटं

पुण्यातल्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून वाद पेटला की कुणी ना कुणी जर्मनीतल्या म्युनिकच्या इझार नदीचे फोटो पुढे करतं. उन्हात पहुडलेली माणसं, पाण्यात डुंबणारी पोरं, काठाला टेकवलेल्या सायकली. 'बघा, तिकडे नद्या कशा ठेवतात! आणि आपल्याकडे प्रत्येक कामात खोडा.' मी मुठेच्या काठी वाढले आणि आता इझारच्या काठी राहते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. फोटो खरे आहेत, पण ते ज्या कामाचे आहेत ते पुण्यात चाललंय त्याच्या नेमकं उलट आहे.

एकोणिसाव्या शतकापासून म्युनिकनेही इझार सरळ केली, दोन्ही काठ बांधून काढले, बहुतेक पाणी विजेसाठी कालव्यात वळवलं. २००० ते २०११ या काळात शहरातल्या ८ किलोमीटर पट्ट्यात हे बांधकाम फोडून काढलं गेलं. पात्र रुंद केलं. आडव्या बंधाऱ्यांच्या जागी मासे चढून जातील असे दगडांचे उतार केले. पुरासाठीचे बांध मजबूत केले, पण त्यासाठी पात्र आवळलं नाही. खर्च साधारण ३.५ कोटी युरो. आणि फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे पाणी: नदीत सोडायचा किमान प्रवाह सेकंदाला ५ घनमीटरवरून १२ च्या आसपास नेला, आणि वरच्या गावांच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारायची सोय केली. पोरं डुंबतात ती त्यामुळे.

तिथल्या गोट्यांच्या थरात हात घालून एखादा दगड उलटा करून पाहा. खालच्या बाजूला वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या असतात, त्यात अळ्या राहतात. चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या दुसऱ्या अळ्या प्रकाश पडताच पळतात. दगडांच्या फटींतून पाणी खेळतं, प्राणवायू पोचतो, म्हणून त्या तिथे जगतात. माशांची अंडीही अशाच गोट्यांत राहतात. फटी गाळाने बुजल्या किंवा वर काँक्रीट आलं की हे सगळं संपतं, वरून पाणी कितीही नितळ दिसो.

मुठेला फटी होत्याच. तिच्या काठाला वाळुंज होते, उंबर होते, करंज होते. पात्रात डोह होते आणि खडकांमधून वाहणाऱ्या उथळ धारा होत्या. आता मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठाचं काम, सुमारे ४,७०० कोटी रुपये खर्चून, पूररेषेच्या आत भराव आणि बांध घालत चाललं आहे. खडकवासला धरणाच्या खाली पावसाळा सोडून नदीत वाहतं ते मुख्यतः शहराचं सांडपाणी. शुद्धीकरण केंद्रांचा वेगळा प्रकल्प आहे, पण काठ पुढे आणि पाणी मागे, हा क्रमच मला मान्य नाही.

जर्मनीचं सगळं आदर्श आहे असंही नाही. इथल्या १० टक्क्यांहून कमी नद्या-तलावांची परिसंस्था चांगल्या स्थितीत आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पोलंडच्या सीमेवरच्या ओडर नदीत खारट सांडपाणी, उष्णता आणि विषारी शेवाळ यांनी मिळून शेकडो टन मासे मेले. शिवाय इझार आल्प्सच्या बर्फावर चालते, मुठा चार महिन्यांच्या पावसावर. म्हणून इझारचा आराखडा उचलून पुण्यात आणा, असं मी म्हणणार नाही. उलट जिथे धरणाचे दरवाजे उघडले की काही तासांत पात्र भरतं, तिथे नदीला इझारपेक्षा जास्तच मोकळी जागा लागेल. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं, ते विसरण्याइतकं जुनं झालेलं नाही.

विरोध करणाऱ्या मित्रमैत्रिणींशीही माझा एक मतभेद आहे. 'नदी आहे तशी राहू द्या' हे वाळुंजांच्या बेटाबद्दल खरं, पण जलपर्णीने झाकलेल्या काळ्या पाण्याबद्दल नाही. ज्याला काठावरून जाताना नाक दाबावं लागतं, त्या माणसाला बाग हवीशी वाटणारच, आणि त्याला आपण काय देणार हे सांगायला हवं. माझ्या मते मागणी अशी असावी: खडकवासल्यातून नदीसाठी जानेवारी ते मे किती पाणी सोडणार, हे लिखित ठरवा. प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला प्राणवायू आणि अमोनिया दर आठवड्याला जाहीर करा. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो त्या रेषेच्या, आतला भराव थांबवा, झाला असेल तो काढा. रामनदीसारखे ओढे नाल्यांच्या हिशेबातून बाहेर काढा, कारण पाण्यातल्या अळ्या आणि मासे मोठ्या नदीत परत येतील ते याच ओढ्यांतून. काठावर काय बांधायचं ते यानंतर बोलू.