कारण सांग की मग!

"ब्रेकअप झालं डिप्रेशन, मार्क कमी पडले डिप्रेशन, सोमवार उजाडला डिप्रेशन!" बंड्याने बसल्या बसल्या तोफ डागली. "आज्यांच्या काळी याला नुसतं 'मन लागत नाही' म्हणायचे."

"म्हणायचे. आणि त्यातल्या काहीजणी अंथरुणातून उठल्याच नाहीत, तेही सांग," माई म्हणाली. माई मानसोपचार विभागात नर्स आहे, त्यामुळे या विषयावर तिच्याशी भांडताना जपून. बंड्या जपत नाही.

"उदास वाटणं हा आजार नाही, कबूल," ती म्हणाली. "पण दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न, नाहीतर कशातच रस नाही, वर झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडलेली, उगाच अपराधी वाटणं, मरणाचे विचार. अशा नऊपैकी निदान पाच गोष्टी असल्या आणि रोजची कामं अडू लागली, की आम्ही डिप्रेशन म्हणतो. तुझा सोमवार त्यात बसत नाही."

"मी बसलो असतो की," मास्तर म्हणाले. वहिनींना जाऊन दीड वर्ष झालंय. "महिनाभर झोप नाही, जेवण नाही. मला आजारी ठरवणार?"

सगळे गप्प. (यावर तज्ज्ञांचीही जुंपली होती. अमेरिकेतल्या डीएसएम या निदान-पुस्तिकेत पूर्वी सूट होती: जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा डिप्रेशनचं निदान करायचं नाही. 2013 च्या आवृत्तीत ती काढली आणि गदारोळ झाला. मला विचाराल तर दोन्ही बाजूंत दम आहे.)

"मास्तर, तेव्हा कुणी भेटायला आलं की काय व्हायचं?" माईने हळूच विचारलं.

"रडायचो. मग तिचा एखादा किस्सा निघायचा, हसायचो. माणसं गेली की पुन्हा भरून यायचं."

"दुःख असं लाटांनी येतं. आणि आपण कुचकामी आहोत असं वाटायचं?"

"छे. तिची जागा रिकामी झाली. मी होतो तसाच होतो."

मनोविश्लेषक फ्रॉइडने 1917 साली जवळपास हेच लिहिलंय: शोकात जग ओस पडतं, विषादात (आजच्या भाषेत डिप्रेशनमध्ये) 'मी'च ओस पडतो.

"म्हणजे कारण असलं तर दुःख, नसलं तर डिप्रेशन," बंड्याने निकाल लावून टाकला.

"तसं नाही रे. कारण असूनही होतं. माणूस गेल्याच्या दुःखातही डिप्रेशन जडू शकतं, म्हणून तर ती सूट काढली. कशावरून पडलास ते माहीत असलं म्हणून मोडलेला हात आपोआप बसतो का?"

इतका वेळ गप्प असलेला पिंट्या बोलला. "माझं बढती मिळाली त्या महिन्यात सुरू झालं. पहाटे तीनला टक्क जाग. रडू आलं असतं तर बरं, तेही येईना. ब्रश हातात घेऊन अर्धा अर्धा तास बेसिनपाशी उभा. आणि हा बंड्या रोज विचारायचा, 'झालंय काय? कारण सांग की मग!' शोधून शोधून थकलो. शेवटी वाटायला लागलं, कारण मीच."

"गोळ्या घेतल्यास?" मास्तरांनी विचारलं.

"हो. गुण यायला तीन-चार आठवडे लागले. सोबत समुपदेशन."

बंड्या चपलेशी खेळत होता. "मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, कुठेतरी फिरून ये, बरं वाटेल."

"मग... आलास फिरून?"

"आलो की. पलंगापासून दारापर्यंत."