‘फोन काढून घ्या, ब्लॉक करा, विषय संपला’ : संपत नाही

किशोरवयीन मुलामुलींच्या नात्यात त्रास सुरू झाला की पालकांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो. ‘फोन काढून घ्या. चॅट डिलीट करा, ब्लॉक करा. त्रास फोनवरचा आहे, फोन गेला की तोही जाईल. फोटो बाहेर गेला असेल तर मात्र आता काही होत नाही.’ सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातल्या काही गोष्टी साफ चूक आहेत आणि उरलेल्यांचा क्रम उलटा आहे. या कामात क्रम चुकला की हाती काहीच राहत नाही.

‘चॅट डिलीट करा, ब्लॉक करा’

ब्लॉक करायचंच, पण सगळ्यात शेवटी. व्हॉट्सॲपवर ब्लॉक असताना समोरच्याने पाठवलेले मेसेज नंतर अनब्लॉक केलं तरी येत नाहीत. म्हणजे त्या काळातल्या धमक्यांचा पुरावा तुमच्याकडे कधीच पोचत नाही. शिवाय पाठवलेला मेसेज दोन दिवसांहून थोड्या जास्त काळापर्यंत ‘सर्वांसाठी डिलीट’ करता येतो. रात्री धमकी आणि सकाळी गायब, हा प्रकार नेहमीचा आहे.

म्हणून आधी स्क्रीनशॉट. प्रत्येकात नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मधले मेसेज गाळू नका. स्वतःच्या तोंडून गेलेली शिवीही राहू द्या, कारण कापलेल्या चॅटवर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रोफाइलचं पान, युजरनेम आणि लिंक वेगळी लिहून ठेवा. नाव आणि डीपी बदलायला क्षणभर पुरतो, लिंक मात्र बऱ्याचदा कामी येते. मग ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून ती फाइल भरवशाच्या मोठ्या माणसाच्या फोनवर ठेवा. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढावा. रिपोर्ट करताना चॅट डिलीट करण्याचा पर्याय समोर आला तर त्यावरची खूण आधी काढा.

एक अपवाद कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा नग्न फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, नातेवाइकांना ‘बघा काय केलंय’ म्हणून पाठवू नका. अनेक देशांत असा फोटो जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं पालकांसाठीही गुन्हा ठरू शकतो. लिंक, युजरनेम, वेळ आणि सोबतच्या धमकीचा मजकूर एवढं टिपून घ्या.

‘ब्लॉक केलं की संबंध तुटला’

मेसेजपुरता. ‘प्रेम आहे तर पासवर्ड दे’ म्हणून घेतलेली वाट तशीच उघडी राहते. व्हॉट्सॲपला तर पासवर्डही लागत नाही. फोन अर्धा मिनिट हातात मिळाला की क्यूआर कोड स्कॅन करून दुसऱ्या लॅपटॉपवर सगळी चॅट उघडता येते. एका खात्याला अशी चार उपकरणं जोडता येतात.

त्यामुळे ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी उपकरण लॉग आउट करा, पण त्या यादीचा स्क्रीनशॉट आधी. मग सहा आकडी पिनचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन (दुसऱ्या फोनवर खातं उघडताना लागणारं जादा कुलूप) लावा. ईमेल खात्यात पासवर्डआधी रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल तपासा. तिथे समोरच्याचा नंबर असेल तर नवा पासवर्डही तो बदलू शकतो, आणि नेमकं हेच तपासायचं राहून जातं. फोनचा पिन बदला, आत नोंदवलेले अनोळखी बोटांचे ठसे काढा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तासांनी आपोआप थांबतं. गूगल मॅप्सवरचं मात्र ‘बंद करेपर्यंत’ चालू ठेवता येतं, त्यामुळे ते महिनोन्‌महिने विसरलेलं असू शकतं. आयफोनवर आयओएस 16 पासून ‘सेफ्टी चेक’मध्ये कुणाला काय दिसतंय ते एकत्र पाहता येतं.

हे सगळं एका झटक्यात बंद झालं की समोरच्याच्या लक्षात येतं. तो रोज भेटणारा असेल, मारहाणीची धमकी दिलेली असेल, तर आधी घरात आणि शाळेत मोठ्या माणसांना सांगून ठेवा. येण्याजाण्याची सोबत ठरली की मगच बटणं दाबा. हे सगळं त्या मुलाच्या किंवा मुलीच्या संमतीने करायचं. आतापर्यंत कुणीतरी त्यांच्या परवानगीशिवाय फोन तपासत होतं, त्यात आपली भर नको.

‘फोन काढून घ्या’

ही शिक्षा त्रास सोसणाऱ्याला होते. मुलं घरी सांगत नाहीत त्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते, की सांगितलं तर फोन जाईल. समोरच्याचा फोन तर चालूच असतो. तो मित्रमैत्रिणींना मेसेज करतो, बनावट खातं काढतो, वर्गाच्या ग्रुपवर लिहितो. फक्त ते आता आपल्याला दिसत नाही.

‘फोटो गेला, आता काही होत नाही’

अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा 2023 पासून आहे. ती अमेरिकेतली बालसुरक्षा संस्था एनसीएमईसी चालवते, नाव सांगावं लागत नाही. फोटो अपलोड होत नाही. तो आपल्याच उपकरणावर राहतो, त्यावरून बनलेला आकडे-अक्षरांचा ठसा तेवढा पुढे जातो आणि सहभागी प्लॅटफॉर्म तसा फोटो शोधून काढतात. मोठ्यांसाठी अशीच ‘स्टॉपएनसीआयआय’ आहे. मर्यादाही आहेत. फोटो कापला किंवा बदलला तर ठसा बदलतो, म्हणून असलेल्या सगळ्या आवृत्त्यांचे ठसे द्यावेत. व्हॉट्सॲपसारख्या एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही आतलं न दिसणाऱ्या चॅटमधला फोटो यातून निघत नाही.

‘पैसे दे, नाहीतर पसरवतो’ अशी धमकी असेल तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून स्वतःचं खातंही उडवू नका. त्यासोबत संभाषण जातं, आणि पोलिसांना तेच हवं असतं.