गेमप्ले रेकॉर्डिंगला हार्ड डिस्क चालते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की आजच्या काळात रेकॉर्डिंगला हार्ड डिस्क सुचवणं म्हणजे लोकांची दिशाभूल आहे, तुमचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर अडकत होतं, एनव्हीएमई (एसएसडीचा, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हचा, सगळ्यात वेगवान प्रकार) टाकल्यावर सुरळीत झालं, तेव्हा हार्ड डिस्क चालते म्हणणारी माझी पोस्ट बदला. अनुभव खराच असणार, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि जरा सविस्तरच लिहितो कारण असं काही वाचून नवीन मुलं सगळं बजेट ड्राइव्हवर घालवतात आणि ग्राफिक्स कार्डला पैसे उरत नाहीत.

आधी हिशोब करू. ओबीएसमध्ये (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) १०८०पी, ६० एफपीएसला (फुल एचडी, सेकंदाला ६० फ्रेम) ५० एमबीपीएस बिटरेट, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट डेटा, ठेवला (भरपूर झाला हा) तरी डिस्कवर सेकंदाला जेमतेम सव्वासहा एमबी लिहिलं जातं, कारण बिटरेट मेगाबिटमध्ये असतो, त्याला आठाने भागायचं. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला १५० एमबीच्या आसपास सहज देते. भरत आली की आतल्या ट्रॅकवर स्पीड निम्म्यावर येतो, तरी गरजेच्या दहापट आहेच.

मग तुमचं अडकलं का? तुम्हीच लिहिलंय ना, गेम आणि रेकॉर्डिंग एकाच हार्ड डिस्कवर होतं. गोम तिथेच आहे. गेमला टेक्स्चर (दृश्यातली चित्रं) वाचायला हेड, म्हणजे डिस्कवर वाचणारा-लिहिणारा भाग, एकीकडे न्यायचा असतो, ओबीएसला लिहायला दुसरीकडे, आणि या धावपळीत तीच १५० एमबीवाली डिस्क पार एक-दोन एमबीवर येऊ शकते. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून डिस्कचे आकडे बघा, ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के आणि स्पीड किरकोळ, असं दिसलं तर हेच चाललंय. गेम एसएसडीवर ठेवा, रेकॉर्डिंग वेगळ्या हार्ड डिस्कवर जाऊ द्या, माझा आग्रह एवढाच आहे, वेगळा ड्राइव्ह.

आणि एसएसडी म्हटली की फास्टच, असंही नाही हो. सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ घ्या, १ टीबीवाली. ४२ जीबी कॅशे (आतला तात्पुरता वेगवान साठा) भरली की राइट स्पीड सेकंदाला ८० एमबीवर येतो, कंपनीच्याच स्पेसिफिकेशनमध्ये आहे. म्हणजे मोठी फाइल कॉपी करताना चांगली हार्ड डिस्क तिच्यापुढे जाते! रेकॉर्डिंगला मात्र तीही आरामात पुरते.

एनव्हीएमई कामी येते कुठे, तर लॉसलेस, म्हणजे दर्जा जराही न घटवता, किंवा कॉम्प्रेसच न करता रेकॉर्ड करणाऱ्यांना. अजिबात कॉम्प्रेस न केलेला १०८०पी ६० चा व्हिडिओ सेकंदाला ३७० एमबीच्या वर जातो, तिथे हार्ड डिस्क हात टेकते. एडिटिंगला पण एसएसडीच हवी, टाइमलाइनवर मागेपुढे करताना हार्ड डिस्क जीव खाते, त्याबद्दल वाद नाही.

जुना एक्स्टर्नल ड्राइव्ह वापरणार असाल तर फॉरमॅट तेवढा बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या पुढे फाइल जातच नाही, म्हणजे वरच्या बिटरेटला अकरा-साडेअकरा मिनिटांत खेळ खलास. आणि एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये रेकॉर्ड करा, मध्येच लाइट गेली तरी तोपर्यंतचं हाती राहतं, साधी एमपी४ बहुतेक वेळा उघडतच नाही.

एक करून बघाल का? जुनी हार्ड डिस्क अजून असेल तर गेम एनव्हीएमईवरच ठेवून रेकॉर्डिंग तिच्यावर टाका आणि ओबीएसचं स्टॅट्स (आकडे दाखवणारी खिडकी) उघडं ठेवा. रेंडरिंग लॅग (चित्र तयार व्हायला उशीर) किंवा एन्कोडिंग लॅगचे (व्हिडिओ कॉम्प्रेस व्हायला उशीर) फ्रेम वाढत असतील तर तो ताण बहुतेक करून ग्राफिक्स कार्डावर नाहीतर प्रोसेसरवर असतो, नुसता ड्राइव्ह बदलून तो जाणं कठीण. जे आकडे येतील ते इथेच टाका, मग पुढचं बोलू.