उठताना सावकाश

हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, मी आयुष्यात दोनदा घेतली. दोन्ही वेळा मेव्हण्याच्या आग्रहाने आणि दोन्ही वेळा नाक मुरडून. हे आधीच लिहून ठेवतो, कारण ३० मेपासून गोव्यातल्या फोंड्याच्या मासळी बाजारात माझ्याबद्दल वेगळी माहिती फिरते आहे. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाबद्दल.

प्रेशर मला आठ-नऊ वर्षांपासून आहे. त्याचं कोणाला काही वाटत नाही. चारचौघांत 'मला प्रेशर आहे' म्हटलं की समोरचाही आपला आकडा सांगतो, गप्पा रंगतात. दुसरा आजार मात्र सांगायचा नसतो. रात्री चार-चार वेळा उठायचं, अंधारात उभं राहायचं, वाट बघायची, आणि एवढ्या खटाटोपानंतर जे होतं ते बघून वाटावं, याच्यासाठी उठवलंत? डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट वाढलीय. तरुणपणी अक्रोडाएवढी असते म्हणे. माझी आता कोणत्या फळाएवढी, ते मी विचारलं नाही. "एकच गोळी देतो, प्रेशरलाही चालेल आणि हिलाही," म्हणून त्यांनी कागदावर टेराझोसिन, एक मिलिग्रॅम, असं खरडलं आणि पुढे दोन इंग्रजी अक्षरं काढली. एच आणि एस. मला वाटलं, सही केली.

फार्मसीत गर्दी. काउंटरवरच्या पोराने कागद उलटासुलटा केला आणि आरती म्हणावी तशा आवाजात विचारलं, "काका, ही प्रेशरची की लघवीची?"

माझ्या मागे आमच्या वाड्यावरच्या दोन बायका उभ्या होत्या. बाजूला एक माजी विद्यार्थिनी, कडेवर मूल घेऊन. मूलसुद्धा माझ्याकडेच बघत होतं.

"प्रेशरची," मी म्हणालो.

"मग सकाळी घ्या. प्रेशरची सगळे सकाळीच घेतात." त्याने कात्रीने पाच गोळ्या कापल्या. गोळीचं नाव आणि तारीख उरलेल्या पट्टीबरोबर ड्रॉवरमध्ये गेली. माझ्या वाट्याला आलं ते '...झोसिन', निम्मी किंमत, आणि त्याने बॉलपेनने मारलेली एक रेघ: सकाळ. माहितीचा कागद? तो अख्ख्या खोक्यात एक असतो. तो कोणाला मिळतो ते देवाला ठाऊक.

दुसरा दिवस ३० मे. दोन दिवसांनी मासेमारीची बंदी, म्हणजे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. त्यामुळे अख्खा फोंडा पिशव्या घेऊन बाजारात उतरला होता, जणू उद्यापासून समुद्रच बंद. मी सकाळी साडेसातला चहाबरोबर गोळी घेतली आणि नऊच्या सुमारास आमच्या नेहमीच्या मासळीवालीसमोर उकिडवा बसलो. आत मार्केटात जागा असून ती बाहेर उन्हात पाटी मांडते. आत बसलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे बघतं, असं तिचं म्हणणं. आमची घासाघीस नेहमी दहा मिनिटं चालते, त्या दिवशी बंदीमुळे पंधरा चालली. शेवटी सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वाटा ठरला, मी पाकीट काढण्यासाठी झटकन उठलो, आणि फोंडा विझला.

शुद्ध आली ती थंडगार पाण्याने. बांगड्यांखालचा बर्फ वितळून झालेलं पाणी. उजवा हात सुंगटांच्या पाटीत कोपरापर्यंत. वर निळी छत्री, छत्रीच्या काठाशी दहा-बारा तोंडं, आणि मधोमध ती. कपाळावर आठाण्याएवढं कुंकू, हातात रिकामा टमरेल.

"आवय गे, मास्तर पडलो!" हे तिने बहुधा आधीच दोन-तीनदा म्हटलेलं असावं, कारण लोक जमून झाले होते. मग ती वाकली. माझ्या तोंडाशी नाक आणून तिने एक दीर्घ श्वास घेतला. मासळीवालीने मासळी बाजारात कोणाचा वास घ्यावा आणि त्यातून काही निष्पन्न व्हावं, हे शास्त्राला धरून नाही. पण तिचा निकाल झाला.

"हुर्राक."

"नाही गे बाय, गोळी..." मी म्हणालो. जीभ जड झाली होती. जड जिभेने 'मी प्यायलो नाही' हे वाक्य कोणी म्हणू नये. पुराव्यात जमा होतं.

"म्हज्या घोवाक तीस वर्सां पळयतां," ती गर्दीला सांगू लागली. "अशेच पडटात. आदीं दोळे वयर, मागीर पांय वयर." गर्दीने माझ्या पायांकडे बघितलं. एक पाय खरोखरच शेजारणीच्या टोपलीवर होता. "आणि हुर्राक अशीच, तिला वास कमी. फेणी कशी, घरात आली की गल्लीला कळतं. हुर्राक गुपचूप चढते. एप्रिल-मेत माझा घोव सकाळी देवपूजा करून पडतो, कोणाला पत्ता लागत नाही. लिंबू हाड रे!"

लिंबू आलं. मला विचारायची पद्धत नव्हती. अर्धं डोक्यावर चोळलं, अर्धं तोंडात पिळलं, बी सकट.

"अगे, गुळी घेतल्या हांवें," मी कोंकणीवर आलो. हेही सांगायला हवं. घरी मराठी वर्तमानपत्र, देवळात मराठी आरती, आणि कोंकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्यावर मी आजही कोणाशीही तासभर भांडू शकतो. पण पडल्यावर मराठी सुचत नाही, हा माझा कमकुवतपणा आहे.

"गुळी? कसली गुळी?"

"प्रेशराची."

"प्रेशराची गुळी हांवूंय घेतां," तिने टमरेल छातीवर आपटलं. "हांव पडलें?"

हा सवाल बिनतोड होता. गर्दी तिच्या बाजूने हलली. आता दोनच वाटा उरल्या होत्या. या गोळीचं वेगळेपण काय, ते इथे, या बायकांसमोर, त्यात दोघी वाड्यावरच्या, प्रोस्टेटपासून सुरुवात करून समजावून सांगायचं. किंवा गप्प बसायचं. एकतीस वर्षं मुलांना 'खरं बोला' म्हणून सांगितलं. मी डोळे मिटले आणि बेवड्याचं पद स्वीकारलं.

"पळय, मानता," ती म्हणाली. आणि चेंगरलेल्या सुंगटांचे दोनशे रुपये वेगळे लावले.

डॉक्टरांनी मला आडवा करून प्रेशर घेतलं, मग उभा करून घेतलं. वरचा आकडा एकशे चाळीसवरून एकशे दोनवर. "सकाळी घेतलीत?" ते माझ्यावरच चिडले. "एच एस लिहिलं होतं ना!" एच एस म्हणजे होरा सोम्नी. लॅटिन. झोपेच्या वेळी. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज गोव्यात राहून गेले. माझ्या वडिलांनी 'होरा' लगेच ओळखलं असतं, 'सोम्नी'चंही काही जमवलं असतं. पण वडील गेले, पोर्तुगीज गेले, आणि लॅटिन मात्र कागदावर राहिली, ती नेमकी गोळी पहिल्यांदा घेणाऱ्या माणसासाठी. 'रात्री' लिहायला किती शाई लागते?

मग त्यांनी समजावलं. ही गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते आणि प्रोस्टेटमधले, मूत्राशयाच्या तोंडाशी असलेलेही. म्हणून एका गोळीत दोन कामं. पण पहिल्याच गोळीला, नाहीतर डोस वाढवला की, अंग एकदम सैलावतं. माणूस झटकन उभा राहिला की रक्त पायांत थांबतं, डोक्यात पोचत नाही. म्हणून सुरुवात एक मिलिग्रॅमने, तीही अंथरुणावर पडताना. मध्ये काही दिवस खंड पडला तर आपल्या मनाने आधीच्या डोसवर जायचं नाही, विचारायचं. बहुतेक पुन्हा एकपासून सुरू. दारूने प्रेशर आणखी पडतं. (इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोंडा लहान आहे.) नाक चोंदलं म्हणून सर्दीची कुठलीही गोळी घ्यायची नाही, काहींनी लघवी अडते आणि प्रेशरही चढतं. चवथीनंतर मोतीबिंदू काढायचा आहे ना, त्या डॉक्टरांना आठवणीने सांगा, या गोळीने बुबुळाचा पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडू शकतो, गोळी बंद केली असली तरी सांगा. म्हणजे आता लघवीचं गाऱ्हाणं डोळ्याच्या दवाखान्यातही नोंदवायचं.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज अगदी खाली आणला. "मास्तर, दुसरी एखादी गोळी... तसली... घेत नाही ना? दोन्ही मिळून प्रेशर फार पडतं." माझ्या अख्ख्या उपचारात कोणी आवाज खाली आणला तो इथे. लघवी ओरडून, हे कुजबुजून.

हे सगळं मला पडल्यावर कळलं, याचा राग अजून गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात लिहिलं होतं, काउंटरवरचं पोर म्हणतं काकांनीच प्रेशरची सांगितलं. तेही खरंच, हाच त्यातला त्रास. घरी येऊन वाचलं, ही गोळी अमेरिकेत १९८७ साली मंजूर झाली, तीही आधी प्रेशरसाठीच. प्रोस्टेटसाठी पुढे १९९३ मध्ये. आमच्या गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७. त्याच तारखेला मी या गोळीपायी सुंगटांत पडलो. या योगायोगाचं काय करायचं ते सुचलेलं नाही.

परवा शेजारचे बाब कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, एकटेच घेता? सांगायचं तरी." दारात हुर्राकीत घालायला लिम्काची बाटली ठेवून गेले.

आता गोळी रात्री, पाठ टेकायच्या आधी. डॉक्टरांचा हुकूम बायकोनेही ऐकलाय: उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून खाटेच्या काठावर बसायचं, तीसपर्यंत मोजायचं, मग उभं राहायचं. आत गेल्यावरही बसूनच. गोळी म्हणते सावकाश. पण ज्या कामासाठी उठलोय ते काम तीसपर्यंत थांबायला तयार नसतं. काल रात्री दोन वाजता मी काठावर बसून मोजत होतो, गुडघे एकमेकांना घट्ट लावून.

"किती झाले?" अंधारातून आवाज आला.

"एकोणीस," मी उभा राहत म्हणालो.

"अहो, मग उठलात कशाला?"