हातात बाटली होती, दगड नव्हता

परवा चार घरची माणसं जमली होती. बोलता बोलता कुठल्यातरी बातमीवर विषय गेला आणि एक बाप म्हणाला, "माझ्या पोरीला कुणी हात लावला ना, तर पोलीस वगैरे काही नाही, तिथल्या तिथे उभा चिरीन." माणूस एरवी इतका मवाळ की रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्याची मुलगी, असेल नऊएक वर्षांची, आमच्या पायांशी बसून चित्र रंगवत होती. बापाचं वाक्य संपलं तसा तिचा खडू थांबला. तिने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा रंगवायला लागली.

तो थांबलेला खडू डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय. लांब होणार आहे, घाई असेल त्यांनी पुढे जावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाचा जीव वाचवताना आईच्या किंवा बापाच्या हातून समोरचा मेला, तर ते मला मान्य आहे. त्यात खंत असेल, झोप उडेल, पण गुन्हा नाही. माझी अडचण वेगळीच आहे. या वाक्यातल्या 'वाचवताना' या शब्दाकडे कुणी बघतच नाही. सगळ्यांचं लक्ष 'मेला'वर.

आता माझी गोष्ट. दहा वर्षं झाली, जवळच्या दोघांतिघांनाच माहीत आहे. मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा. रेल्वेचा फलाट, गर्दी, गाडी यायची वेळ. बॅगेची चेन अडकली म्हणून मी त्याचा हात सोडला. किती वेळ? दहा सेकंद असतील. वळून बघते तर पोरगा जागेवर नाही. मग दिसला, वीसेक पावलांवर. एक अनोळखी माणूस त्याला दंडाला धरून फरफटत नेत होता आणि हा जिवाच्या आकांताने किंचाळत होता.

पुढचं मला सलग आठवत नाही. फलाटावरचा आवाज बंद झाल्यासारखा झाला होता. त्या माणसाचा हात आणि माझ्या मुलाचा दंड, एवढंच दिसत होतं. माझ्या हातात स्टीलची पाण्याची बाटली होती, काठोकाठ भरलेली. ती मी त्याच्या तोंडावर हाणली. विचार करून नाही, नेम धरून तर नाहीच. तो मटकन खाली बसला. भुवईच्या वरून रक्त यायला लागलं.

"अहो, कडेला गेला होता तो," एवढंच म्हणाले.

साठीच्या पुढचे गृहस्थ होते. पोरगा फलाटाच्या अगदी कडेला जाऊन गाडी वाकून बघत होता, त्याला त्यांनी मागे ओढलं होतं. मी त्यांना मारलं तेव्हा गाडी फलाटात शिरत होती. मी रडत माफी मागत होते आणि ते जमिनीवर चाचपडत चष्मा शोधत होते. एक काच फुटली होती. मी म्हणाले, भरून देते, दवाखान्यात चला. ते म्हणाले, "आधी त्याचा हात धरा."

हातात बाटलीऐवजी दगड असता तर? किंवा भुवईऐवजी कानशील लागलं असतं तर? मी आजही एक निरपराध माणूस मारलेली बाई असते. आणि गंमत बघा (गंमत कसली), कायद्याने कदाचित मी सुटलेही असते.

कारण कायदा अशा भीतीला पुष्कळ जागा देतो. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ बचावाच्या हक्काबद्दल होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलमं ३४ ते ४४ झाली. स्वतःच्या शरीराचं रक्षण करण्याचा हक्क जसा आहे, तसाच दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण करण्याचा आहे. आणि हे रक्षण करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी चालेल असे सात प्रसंग कलम ३८ मध्ये दिले आहेत. जीव जाईल किंवा जबर इजा होईल अशी वाजवी भीती, बलात्काराचा किंवा अनैसर्गिक अत्याचाराचा हल्ला, पळवून नेण्यासाठी केलेला हल्ला, सुटकेची दाद मागता येणार नाही असं डांबून ठेवणं, आणि २०१३ साली भर पडलेला अ‍ॅसिडहल्ला. धोका खरोखर होता की नाही यापेक्षा, त्या क्षणी तुमच्या जागी कुणाही शहाण्या माणसाला तो वाटला असता का, हे पाहिलं जातं. आणि किती मारलं हे सोन्याच्या काट्यावर तोलायचं नसतं, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे.

यात एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. 'दुसऱ्या कुणाच्याही' असं म्हटलंय. आई असल्याचा, बाप असल्याचा वेगळा परवाना नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात नातं लागायचं. नवरा-बायको, आई-बाप-मूल, मालक-नोकर यांनी एकमेकांचा बचाव करायचा, अशी तिथली रचना होती. आज तसं नाही. माझ्या मुलासाठी मला जेवढा हक्क आहे, तेवढाच त्या चष्मेवाल्या गृहस्थांनाही होता. हे वाचलं तेव्हा मला आधी रागच आला. माझं पोर आणि म्हणे कुणाचंही पोर! मग पटलं. हक्क मुलाच्या जिवाचा आहे, माझ्या आईपणाचा नाही.

मात्र एका बाबतीत मूल असण्याने खरंच फरक पडतो, आणि निवाडा करणारे तिथे कमी पडतात असं मला वाटतं. "समोरचा तर निःशस्त्र होता" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. दोन वर्षांच्या मुलासमोर मोठा माणूस निःशस्त्र कधीच नसतो. उचलून आपटलं, जोरात गदागदा हलवलं, तोंडावर हात दाबून धरला, एवढ्याने मूल जातं. त्यामुळे बळाचं माप काढायचं तर मुलाच्या शरीरावरून काढा, आईच्या नाही. मला कुणी ढकललं तर मी पडेन आणि उठेन. तान्ह्याचं तसं नाही.

आता 'त्याची लायकीच ती होती' या युक्तिवादाकडे येते, कारण सगळा घोटाळा तिथे होतो. कलम ३६ बघा. हल्ला करणारा वेडाच्या भरात असला, अजाण असला, म्हणजे त्याला कुठलीच शिक्षा होऊ शकत नसली, तरी त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क तेवढाच शाबूत असतो. याचा अर्थ काय झाला? बचाव ही शिक्षा नव्हेच. समोरचा पापी आहे म्हणून तुम्ही त्याला मारत नाही, तो आत्ता थांबायला हवा म्हणून मारता. भ्रमिष्ट माणूस तुमच्या मुलाच्या गळ्यावर सुरी धरून असेल तर त्याचा दोष शून्य आहे, तरी तुम्ही त्याला थांबवू शकता. आणि उलटं, माणूस कितीही नीच असला तरी तो एकदा थांबला, पकडला गेला, बेड्या पडल्या, की तुमचा हक्क संपला. जोवर धोक्याची भीती आहे तोवरच तो चालतो.

अमेरिकेत लुईझियानातल्या गॅरी प्लॉशेचं प्रकरण यासाठीच मला छळतं. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाला कराटे शिकवणाऱ्याने पळवून नेलं होतं, अत्याचार केले होते. मूल सापडलं, घरी आलं. त्या माणसाला पोलीस परत आणत असताना, १६ मार्च १९८४ ला, बॅटन रूजच्या विमानतळावर बापाने टीव्ही कॅमेऱ्यांसमोर त्याला गोळी घातली. शिक्षा झाली सात वर्षांची, पण स्थगित. पाच वर्षं देखरेख, ३०० तास समाजसेवा. तुरुंगात जावं लागलं नाही. ती चित्रफीत आजही फिरत असते आणि खाली 'सलाम' टाकणाऱ्यांची रांग असते. पण त्या मुलाने मोठेपणी जाहीरपणे काय सांगितलं, ते कुणी फिरवत नाही. तो माणूस मरावा असं त्याला वाटत नव्हतं. ते सगळं थांबावं, एवढंच हवं होतं. बापावर तो चिडला होता.

तीन वर्षं आधी जर्मनीत ल्युबेकच्या न्यायालयात मारिआने बाखमायर हिने आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या खुन्याला भर खटल्यात गोळ्या घातल्या. तिला सहा वर्षांची शिक्षा झाली, सुमारे तीन भोगून सुटली. तिच्याबद्दल मला काय वाटतं? वाईट वाटतं, खूप. तिच्या जागी मी काय केलं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती मुलगी तेव्हा जगात नव्हती. वाचवायला कुणी उरलंच नव्हतं. याला बचाव म्हणता येत नाही. दुसरं काहीही म्हणा.

त्याच जर्मनीच्या दंडसंहितेत, कलम ३३ मध्ये, एक छोटंसं वाक्य आहे. बचाव करताना माणसाने गोंधळ, भीती किंवा धास्ती यांमुळे मर्यादा ओलांडली, तर त्याला शिक्षा नाही. तीनच शब्द. त्यात संताप नाही. मी ते वाचून बराच वेळ बसून राहिले, कारण फलाटावर माझ्या अंगात जे शिरलं होतं ते नेमकं काय होतं हे मला त्या दिवसापर्यंत सांगता येत नव्हतं. ती भीती होती, संताप नंतर आला, तोही स्वतःवर. पायाशी मुलगी रंगवत असताना "उभा चिरीन" म्हणणाऱ्या बापाच्या बोलण्यात मात्र भीती अजिबात नव्हती. तिथे दुसरंच काहीतरी होतं, थोडा रुबाबही.

या रुबाबाची मला धास्ती वाटते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा एक निकाल आहे. पंधरा वर्षांच्या मुलीसोबत एका माणसाला पाहून बापाने फावड्याने मारलं, तो माणूस मेला. मुलगी कायद्याने अल्पवयीन, त्यामुळे तिची संमती होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही, म्हणून बापाला बचावाचा हक्क मिळाला. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेल. पण 'मुलीचा बचाव' आणि 'मुलीवरचा ताबा' यांच्यातली भिंत किती पातळ आहे, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जिथे बाप-भाऊ मुलीच्या पसंतीच्या मुलालाच मारतात, तिथेही हेच शब्द वापरले जातात. आमच्या पोरीला नादी लावलं, आम्ही तिला वाचवलं. म्हणून मला दर वेळी विचारावंसं वाटतं, वाचवलं कशापासून, आणि तिला विचारलं होतं का?

आणि तो दारातून घुसणारा अनोळखी राक्षस, ज्याच्यासाठी आपण सगळे मनातल्या मनात कोयता परजून बसलेलो असतो, तो बहुतेक वेळा येतच नाही. आपल्या देशात पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, नोंदल्या जाणाऱ्या अत्याचारांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. काका, शेजारी, शिकवणारा, कधी खुद्द बाप. बाप असेल तर आई काय करते? कधी कधी मारते. रात्री पट्टा घेऊन पोरावर धावून गेलेल्या नवऱ्याच्या डोक्यात जे हाताला लागेल ते घालते. त्या बाईला कुणी 'सलाम' टाकत नाही. आधी विचारतात, इतकी वर्षं का राहिलीस? ती कोठडीत, बाप मेलेला, आणि मूल नातेवाइकांकडे, तेही बहुधा त्याच्याच. मला विचाराल तर मुलाच्या बचावात झालेल्या मृत्यूचं सगळ्यांत सच्चं रूप हे आहे, आणि सगळ्यांत कमी कौतुक याचंच होतं.

माझा मुलगा आता पंधरावं संपवतोय. गेल्या वर्षी कळलं की क्लासमधला एक मोठा मुलगा दोन महिने त्याच्याकडून पैसे उकळत होता, दंड पिरगाळत होता. कळलं तेही त्याच्या मित्राकडून. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तू येऊन काहीतरी केलं असतंस."

मी काय करणार होते?

"तू त्या आजोबांना बाटली मारली होतीस ना."

आम्ही इतक्या वर्षांत त्या प्रसंगाबद्दल घरात एकदाही बोललो नव्हतो. मला वाटायचं विसरला असेल, साडेचार वर्षांचं पोर. मी विचारलं, अजून काय आठवतं तुला? गाडी आठवत नाही म्हणाला. कडेला गेल्याचंही नाही. ते आजोबा खाली बसून चष्मा शोधत होते आणि काच त्याच्या बुटाखाली आली होती, ते आठवतं म्हणाला. आवाजासकट.