‘भोंदू’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा राजकारणी आणि ‘हॅडाकॉल’ हे टॉनिक विकणारा डडली लब्लाँ, याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘एका भोंदूची आरती ओवाळलीत. त्या मुलखात पाय तरी ठेवलाय का?’ लगेच उत्तर दिलं असतं तर शब्द आवरले नसते, म्हणून दोन दिवस थांबलो.

आधी चूक कबूल करतो. लब्लाँने हॅडाकॉलचा धंदा विकला ते साल १९५१, मी १९५० लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘पाय ठेवलाय का’. अहो, लुइझियानात लाफियेतला मी सात वर्षं नोकरी केली. शेजारच्या केजन (म्हणजे अकेडियातून आलेल्या फ्रेंच भाषकांच्या वंशातल्या) आजींच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या कट्ट्यावर हॅडाकॉलची रिकामी बाटली असायची. लेबल अर्धं उडालेलं, आत कोथिंबिरीसारख्या कसल्याशा पाल्याची काडी खोचलेली. फ्रेंच बोलल्याबद्दल शाळेत गुडघ्यांवर बसवलं होतं, हे त्या सांगायच्या आणि बोलता बोलता हात गुडघ्याकडे जायचा. १९२१च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली होती. अशा काळात चारचौघांत, निवडणुकीच्या व्यासपीठावरून फ्रेंचमध्ये बोलणारा माणूस म्हणजे लब्लाँ. १७५५पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या अकेडियातून हाकलून लावलेल्या आपल्या लोकांचा इतिहास त्याने १९२७ साली पुस्तकात मांडला. १९३० मध्ये तो केजन मुलींना घेऊन नोव्हा स्कॉशियातल्या ग्रां-प्रेला गेला, पूर्वजांच्या गावी. म्हाताऱ्यांना पेन्शन मिळावी हा मुद्दा घेऊन १९३२ची गव्हर्नरपदाची निवडणूक लढला आणि राज्यातला बलाढ्य नेता ह्युई लाँग याच्या उमेदवाराकडून हरला. हे सगळं लेखात होतं. तुम्ही ते वाचलंत की नुसतं ‘औषध’ शब्दावर थांबलात?

बाटलीत बारा टक्के अल्कोहोल होतं, हे तुम्ही मला शिकवताय. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात ते मीच लिहिलंय, ब जीवनसत्त्वं, लोह आणि मधासकट. लब्लाँने पैशाचीही लपवाछपवी केली नाही. हॅडाकॉल कशासाठी चांगलं, असं विनोदी कलाकार ग्राउचो मार्क्सने विचारलं तेव्हा, गेल्या वर्षी मला साडेपाच मिलियन डॉलर मिळाले त्यासाठी, असं त्याने सरळ सांगितलं. भोंदू असं बोलतो का?

बाटल्यांच्या खोक्यांची झाकणं देऊन लोक त्याच्या ‘कॅरव्हॅन’ या फिरत्या जाहिराती जलशाच्या खेळांना जायचे. तिथे हँक विल्यम्स गायला, विनोदी नट बॉब होप आला. त्या गर्दीला तुम्ही ‘अडाणी’ म्हणालात, ते मला सर्वांत जास्त लागलं. त्या गर्दीत आमच्या आजी होत्या, नऊ झाकणं जमवून गेलेल्या.

अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनची तक्रार आणि धंदा विकत घेणाऱ्यांचं बुडणं यांवर तुम्ही बरंच लिहिलंय. ते पुन्हा कधीतरी.

यापुढे मुद्द्यावर लिहा, नक्की उत्तर देईन. ‘आरती’, ‘अडाणी’ अशी भाषा असेल तर मात्र प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही.