काहीतरी केलंच असेल की!

सकाळी ग्रुपवर एकाने लिहिलं, "काहीतरी केलंच असेल की, उगाच कोण उचलून नेतं?" विषय इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधल्या, खटल्याशिवाय डांबलेल्या पॅलेस्टिनी स्थानबद्धांचा. आणि हा तोच ग्रुप, जिथे दर २५ जूनला मिसाबंदींच्या, म्हणजे आणीबाणीत मिसा कायद्याखाली खटल्याशिवाय डांबलेल्यांच्या, सत्काराचे फोटो फिरतात. डोकंच फिरलं.

अरे, केलं असेल तर खटला चालवा ना! लष्करी न्यायालयं इस्रायलचीच आहेत. पण इथे आरोपपत्रच नसतं. शिन बेत ही इस्रायली गुप्तचर संस्था फाईल देते, लष्करी कमांडर आदेश क्र. १६५१ च्या कलम २८५ खाली सही करतो, माणूस ६ महिन्यांपर्यंत आत. मग लष्करी न्यायाधीशापुढे बंद दाराआड सुनावणी. फाईल बघतो फक्त न्यायाधीश. वकिलाच्या हाती पडतो ओळ-दोन ओळींचा गोषवारा: अमुक संघटनेत सक्रिय, परिसराच्या सुरक्षेला धोका. कधी, कुठे, कोणाबरोबर? गोपनीय. 'त्या दिवशी मी गावात नव्हतो' म्हणायला आधी तो दिवस तरी कळायला हवा! मुदत संपत आली की नवी सही. अशा किती सह्या, याला मर्यादा नाही.

म्हणे काहीतरी केलंच असेल. काय ते आत बसलेल्यालाही सांगत नाहीत, तुम्हाला पुण्यात बसून कळलं? मिसातही १९७५ च्या दुरुस्तीनंतर कारण सांगायची गरज उरली नव्हती. येरवड्यात, नाशिक रोडला राहून आलेल्यांना ऐकवा की हे वाक्य.

ऑक्टोबर २०२३ नंतर अशा स्थानबद्धांचा आकडा ३ हजारांच्या वर गेला. हमासने ७ ऑक्टोबरला इस्रायलवर हल्ला करून जे केलं ते भयंकरच, वाद नाही. युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ७८ स्थानबद्धतेला मुभा देतं, तेही खरं. पण सुरक्षेसाठी अगदी अपरिहार्य असेल तेव्हाच. कलम ४९ सांगतं, व्याप्त प्रदेशातल्या माणसाला बळजबरीने बाहेर हलवू नका. केत्सिओत, मेगिद्दो हे तुरुंग मात्र इस्रायलच्या हद्दीत! घरच्यांना भेटीसाठी परवाना लागायचा. ७ ऑक्टोबरनंतर त्या भेटी बंद, रेडक्रॉसच्याही.

वेस्ट बँकमध्येच शेजारच्या इस्रायली वसाहतीतल्या ज्यूला स्थानबद्ध केलं, तर १९७९ च्या कायद्याने ४८ तासांत जिल्हा न्यायालयाच्या अध्यक्षांपुढे न्यावं लागायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये संरक्षणमंत्री कात्झ यांनी वसाहतवाल्यांची स्थानबद्धताच थांबवली. पॅलेस्टिनींची चालू.

वाईट याचं वाटतं की हे हत्यार मूळचं ब्रिटिशांचं. १९४५ च्या आणीबाणी नियमांखाली त्यांनी ज्यूंनाच असं डांबलं होतं, आणि १९४६ मध्ये तेल अवीवला ज्यू वकिलांनी परिषद घेऊन त्या नियमांना कडाडून विरोध केला होता.

बरं, खटल्याशिवाय स्थानबद्ध करायला आपल्याकडेही रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) आहे, महाराष्ट्राचा एमपीडीए आहे. आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. पण राज्यघटनेच्या कलम २२ मुळे कारणं कळवावी लागतात (त्यालाही पळवाट आहेच), ३ महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळ लागतं.

इस्रायलने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९१ मध्ये मान्य केला, आणि त्याच वेळी मनमानी अटकेविरुद्धच्या कलम ९ मधून सूट मागून घेतली. कारण काय, तर देशात आणीबाणी आहे. १९४८ पासून! क्नेसेत, म्हणजे तिथली संसद, तिची मुदत वाढवत राहते, आणि कोणी विचारलं की ती आणीबाणीच पुढे करायची.